मेरुरज्जूची इजा आणि आतड्याचा कारभार

झाडावरून पडून, रस्त्यावरील अपघातात सापडून किंवा डोक्यावरचे ओझे मानेवर कोसळून ज्याचा मणका मोडला आहे असा मनुष्य रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याच्याभोवती जमलेल्या आप्तस्वकीयांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे हा पुन्हा चालेल काय; आणि या प्रश्नाचे उत्तर शोधताना जाणता डॉक्टर पायाची बोटे हलवावयास सांगतो, टाचणी टोचून पाहतो, हे खरे असले तरी निर्णायक परीक्षा तो निराळ्याच ठिकाणी करतो. हातमोजा घालून आणि बोटाला वंगण लावून तो रुग्णाचे गुदद्वार तपासतो. तेथल्या त्वचेला झालेला स्पर्श कळतो काय, आतून दिलेला दाब जाणवतो काय, आणि 'आवळून धर' म्हटल्यावर बोटाभोवतीचा स्नायू आवळला जातो काय, एवढेच त्याला पाहावयाचे असते. मेरुरज्जूच्या त्रिक भागातील अगदी शेवटच्या खंडांचा अंमल या जागेवर असल्यामुळे, येथे थोडी जरी संवेदना वा हालचाल शिल्लक असली तरी इजा अपूर्ण समजावयाची, आणि काहीच नसले तर पूर्ण, असा आज जगभर रूढ असलेल्या वर्गीकरणाचा दंडक आहे. अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशनने या वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९८२ साली काढली आणि त्यानंतर ती अनेकदा सुधारली गेली.

ज्या अवयवाचे नाव चारचौघांत घेण्याची सोय नाही, त्याच्यापाशी या दुर्घटनेचा निवाडा होतो, आणि पुढे आयुष्यभर रोजचा दिवस सुखाचा की दुःखाचा हेही बव्हंशी त्याच्यापाशीच ठरते. २००४ साली किम अँडरसन या संशोधिकेने अमेरिकेत मेरुरज्जूची इजा झालेल्या ६८१ व्यक्तींना, गेलेल्यांपैकी कोणती शक्ती परत मिळाली तर तुमचे जगणे सर्वांत अधिक सुधारेल, असे विचारले होते. ज्यांचे चारही अवयव लुळे होते त्यांच्यापैकी सर्वांत अधिक जणांनी हातांचे नाव पुढे केले आणि ज्यांचे केवळ पाय गेले होते त्यांनी कामजीवनाला अग्रस्थान दिले. मूत्राशय आणि आतडी यांवरचा ताबा दोन्ही गटांच्या यादीत वरच्या बाजूस होता, आणि चालणे, ज्याची चौकशी सारे सोयरेधायरे करतात, ते मात्र लोकांच्या अपेक्षेइतके वर नव्हते. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. चाकांची खुर्ची मिळाली म्हणजे पायांचे काम निम्मे तरी भागते. परंतु लग्नाच्या मांडवात, कचेरीत किंवा एस्टीच्या गाडीत केव्हा वस्त्र खराब होईल याची शाश्वती नसलेल्या माणसाला घराचा उंबरठा ओलांडवत नाही, मग खुर्ची कितीही उत्तम असो.

हा विषय समजून घ्यावयाचा तर आतड्याचा कारभार मुळात कसा चालतो हे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी पेशवाईतील मुलकी व्यवस्थेची आठवण उपयोगी पडेल. गावी पाटील असे, त्याच्यावर मामलेदार असे, आणि सर्वांच्या वर पुण्यास हुजूर. गावचा नित्याचा व्यवहार पाटील स्वतःच्या अखत्यारात उरकीत असे, महालाच्या बाबी मामलेदार पाहत असे, आणि हुजुरातून प्रत्येक गोष्टीस सनद यावी लागत नसे. आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये आणि अंतस्त्वचेच्या खाली, तंत्रिकांची दोन जाळी पसरलेली आहेत. ती ज्यांनी वर्णिली त्या आउअरबाख आणि माइसनर या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञांच्या नावांनी ती ओळखली जातात, त्यांत दहा कोटींहून अधिक तंत्रिकापेशी आहेत, आणि हाच आपला पाटील होय. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाविदांनी दाखवून दिले की, आतड्याचा बाहेरच्या तंत्रिकांशी असलेला संबंध तोडला तरीसुद्धा, आत एखादा गोळा ठेवला असता त्याच्या मागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैल होतो आणि गोळा पुढे सरकतो. ही क्रमसंकोचाची क्रिया आतडे आपल्या हिमतीवर करते.

मामलेदाराची कचेरी मेरुरज्जूच्या शेपटाकडील टोकाशी, त्रिक भागाच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडांत आहे. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला आणि गुदाशयाला जोर देणाऱ्या तंत्रिका येथूनच निघतात आणि गुदद्वाराच्या बाहेरील वर्तुळाकार स्नायूला आवळून धरण्याचा हुकूमही येथूनच सुटतो. आतड्याच्या उजव्या व मधल्या भागाची तजवीज मात्र मेंदूतून थेट उतरणाऱ्या व्हेगस तंत्रिकेकडे असून, ती मेरुरज्जूतून जातच नाही. मणका कोठेही मोडला तरी ती शाबूत राहते, आणि या एका सुदैवी रचनेचा पुढे फार उपयोग होतो.

निरोगी माणसाच्या गुदाशयात मल उतरला की आतला स्नायू, जो आपल्या इच्छेच्या ताब्यात कधीच नसतो, आपोआप सैल होतो. वर्दी मेंदूपर्यंत जाते. आलेली वस्तू वायू आहे, द्रव आहे की घन आहे याचा सूक्ष्म निवाडा तेथल्या त्वचेवरच होतो. आणि हुजुरातून 'थांबा' असे फर्मान आले तर बाहेरचा स्नायू आवळलेला राहतो, 'असू द्या' असे आले तर तो सोडला जातो. वेळ आणि जागा पाहून निर्णय करण्याचा हा अधिकार मनुष्य दोन-तीन वर्षांच्या वयात कमावतो आणि नंतर विसरून जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे आणि दाबून धरू नयेत अशा तेरा वेगांत मलवेगाची गणना आहे. परंतु वेग दाबू नये हा उपदेश ज्याला वेग कळतो त्यालाच करता येतो. मेरुरज्जू तुटलेल्या माणसाचा प्रश्न असा की, वर्दी वर पोचत नाही आणि हुकूम खाली येत नाही. पाटील आपल्या जागी आहे, मामलेदारही बहुधा आहे, पण हुजुराशी पत्रव्यवहार बंद पडला आहे.

येथे 'बहुधा' हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे, कारण पुढील सर्व उपचार या एका गोष्टीवर अवलंबून आहेत. मेरुरज्जू पाठीच्या कण्याइतका लांब नसतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपासच संपतो आणि त्याखाली कण्याच्या पोकळीत केवळ तंत्रिकांचा झुपका लोंबत असतो. मान किंवा छातीमागील मणका मोडला, तर इजा मामलेदाराच्या कचेरीच्या वर होते. कचेरी सुरक्षित राहते, पण निरंकुश होते. बाहेरचा स्नायू ताठर होऊन आवळलेला राहतो, मल साचतो, आणि एखाद्या वेळी गुदाशय भरला की प्रतिक्षेपाने, कोणाला न विचारता, आपसूक रिता होतो. याला प्रतिक्षेपी आतडे म्हणतात. उलट, कमरेचे मणके मोडून त्या टोकालाच किंवा खालच्या झुपक्याला मार बसला तर खुद्द कचेरीच जळाली असे समजावे. प्रतिक्षेप नाहीसा होतो, स्नायू ढिला पडतो, गुदाशयात जोर राहत नाही, आणि मल आत साचलेला असूनही उठता-बसता, खोकता-शिंकता थोडाथोडा बाहेर येत राहतो. याला शिथिल आतडे म्हणतात. मेंदूपासून विलग झालेल्या मेरुरज्जूच्या खालच्या तुकड्यालाही आपले स्वतंत्र कार्य असते, ही गोष्ट फ्रीड्रिख गोल्ट्झ यांनी १८७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केली होती, आणि डेनी-ब्राउन व रॉबर्ट्‌सन यांनी १९३५ साली गुदाशयातील दाब मोजून मनुष्याच्या मलविसर्जनाचा तंत्रिकांशी असलेला संबंध उलगडला. प्रयोगशाळेतील त्या पुराव्यावर आजची रोजची शुश्रूषा उभी आहे.

आंब्यावरून किंवा माडावरून पाय खाली करून पडणाऱ्या माणसाचा बारावा पृष्ठमणका वा कमरेचा पहिला मणका मोडतो, आणि नेमकी हीच सीमारेषा असल्यामुळे कोकणातील अशा रुग्णांत दोन्हीपैकी कोणताही प्रकार, किंवा दोहोंचे मिश्रणही, आढळू शकते. केवळ एक्स-रेच्या कागदावरून हे ठरत नाही. बोटाने तपासूनच ठरते. शिवाय इजेनंतरचे पहिले काही दिवस किंवा आठवडे मेरुरज्जू बधिर होऊन बसतो, त्या अवधीत सर्वच आतडी शिथिल वाटतात, आणि त्या मुदतीत केलेले निदान कायमचे समजणे ही घाई होय. प्रतिक्षेप परत आला म्हणजे उपाययोजना बदलावी लागते, हे घरी पाठविताना कोणी सांगितले नाही तर कुटुंब पहिल्याच पद्धतीला वर्षानुवर्षे चिकटून राहते.

आता प्रत्यक्ष दिनक्रमाकडे वळू. समजा, छातीमागचा मणका मोडलेला, हात शाबूत असलेला एक तरुण आहे आणि त्याचे आतडे प्रतिक्षेपी आहे. त्याने सकाळची वेळ मुक्रर केली असेल तर आदल्या रात्री, डॉक्टरांनी सांगितले असल्यास, सोनामुखीची गोळी घ्यावयाची, कारण तिचा अंमल चढावयास आठ ते बारा तास लागतात. सकाळी उठून गरम चहा आणि थोडे खाणे. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्यात हालचाल सुरू होते, आणि हा परिणाम अर्ध्या तासाच्या आत सर्वांत जोरकस असतो. इजेनंतर तो मंदावला तरी बहुतेकांच्या बाबतीत कामास येतो, म्हणून या वेळेचा फायदा घ्यावयाचा. मग पोटावर तळहाताने, उजव्या मांडीच्या सांध्याजवळून वर, बरगड्यांखालून आडवे, आणि डाव्या बाजूने खाली, म्हणजे मोठ्या आतड्याच्या वाटेनेच, काही मिनिटे दाबून चोळावयाचे. त्यानंतर हातमोजा चढवून, नखे कापलेली आणि अंगठी काढलेली आहे याची खात्री करून, गुदाशयाच्या तोंडाशी मल असेल तर तो काढून बिसाकोडिलची किंवा ग्लिसरीनची बत्ती आत सारावयाची. ती मलाच्या गोळ्यात खुपसून उपयोग नाही, भिंतीला लागून राहिली पाहिजे; बत्ती घालूनही काही होत नाही अशी तक्रार ज्या घरांतून येते, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी चूक एवढीच असते.

पाऊण तास वाट पाहण्याची गरज नसते. पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीवर बसून बोटाने उत्तेजन द्यावयाचे. वंगण लावलेले बोट हळूच आत घालून गुदाशयाच्या भिंतीला स्पर्श राहील अशा बेताने पंधरा ते वीस सेकंद वर्तुळाकार फिरवावयाचे, एवढीच ही क्रिया आहे. आवळलेला स्नायू हळूहळू सैल होत आहे हे बोटाला स्पष्ट कळते, वायू सरतो, आणि मल उतरू लागतो. तो थांबला की पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तेच. दोनदा उत्तेजन देऊनही काही न आले, किंवा स्नायू पुन्हा बोटाभोवती आवळला, म्हणजे काम झाले असे समजावे. हुजुराचा हुकूम येत नाही हे ओळखून मामलेदाराच्या दारावर परभारे थाप मारण्याची ही युक्ती आहे, आणि ज्या माणसाने ती आत्मसात केली त्याला दिवसाआड एकदा तासाभराचा वेळ दिला की उरलेले सत्तेचाळीस तास निर्धास्तपणे वापरता येतात. तासापेक्षा अधिक वेळ नित्य लागत असेल तर कोठेतरी बिघाड आहे, आणि पद्धत बदलावयास हवी.

शिथिल आतड्याच्या माणसाला या उत्तेजनाचा काही एक उपयोग नाही, कारण थाप ऐकावयास दारामागे कोणीच नाही. त्याला बोटाने मल काढावा लागतो, तोही रोज, कित्येकांना दिवसातून दोनदा, आणि गुदाशय रिता ठेवणे हाच गळती थांबविण्याचा उपाय असतो. ज्याला पोटाचे स्नायू आहेत त्याने पुढे वाकून किंचित जोर करावा. मात्र मूत्राशय भरलेला असताना जोर करू नये. मलाचे स्वरूपही दोघांना निरनिराळे हवे. ब्रिस्टल येथे तयार झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्धीस आलेल्या कोष्टकात मलाचे सात प्रकार वर्णिलेले आहेत, पहिला खड्यांसारखा आणि सातवा पाण्यासारखा. प्रतिक्षेपी आतड्यास चौथा, म्हणजे मऊ व सलग, आणि शिथिलास तिसऱ्याच्या आसपासचा, किंचित घट्ट, असा मल सोयीचा असतो, कारण ढिल्या स्नायूंतून मऊ मल गळतो आणि घट्ट मल बोटाला सापडतो.

सर्वांत फसवी गोष्ट पातळ मलाची आहे. कित्येक दिवस बद्धकोष्ठ असलेल्या रुग्णास एकाएकी पाण्यासारखे शौचास होऊ लागते, घरची मंडळी हगवण लागली म्हणून औषधाच्या दुकानातून जुलाब थांबविण्याची गोळी आणतात, आणि आत दगडाप्रमाणे बसलेला खडा अधिकच घट्ट होतो. वास्तविक ते पाणी त्या खड्याच्या कडेने वाट काढून आलेले असते. अशा वेळी गोळी देण्यापूर्वी बोटाने तपासावे, पोट फुगले आहे काय, भूक मंदावली आहे काय हे पाहावे आणि डॉक्टरांना बोलवावे, कारण जेथे वेदनाच कळत नाही तेथे पोटदुखी हे लक्षण मिळावयाचे नाही.

आहाराविषयी आमच्याकडे प्रत्येकजण वैद्य असतो. भरपूर पालेभाज्या, कोंड्यासकट भाकरी, रात्री इसबगोल आणि वर तांब्याभर पाणी, हा सल्ला निरोगी माणसाला उत्तम. परंतु ज्याचे मोठे आतडे मंदावले आहे त्याच्या पोटात चोथा वाढवीत गेले तर तो पुढे ढकलणारे बळ वाढत नाही, आणि १९९६ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका लहानशा अभ्यासात कोंडा दिल्यानंतर मल पुढे सरकण्यास लागणारा वेळ कमी न होता वाढल्याचे दिसून आले होते. सुरुवातीस दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास तंतू पोटात जावेत, आणि नंतर मलाकडे पाहून हळूहळू वाढवावेत किंवा कमी करावेत, ही रीत शहाणपणाची. पाण्याचीही गोष्ट अशीच अडचणीची आहे. ठरावीक तासांनी नळी घालून लघवी काढणाऱ्या माणसाला मूत्राशय तडस लागेपर्यंत भरू नये म्हणून मोजून पाणी प्यावयास सांगितलेले असते, आणि आतड्यासाठी दुसरा कोणी त्याला बादलीभर पाणी प्यावयास सांगतो. हे दोन अंमलदार एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मध्ये रुग्ण भरडला जातो. मूत्राशयाचे झटके थांबविण्यासाठी दिलेल्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामके यांनी मल घट्ट होतो हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एरंडेलाचा जोरदार जुलाब देऊन 'कोठा साफ' करण्याची जुनी हौस येथे निषिद्ध मानावी; त्याने एक दिवस वाहून जातो आणि पुढचे चार दिवस वेळापत्रक मोडून पडते.

या सर्वांहून गंभीर अशा एका संकटाची माहिती, सहाव्या पृष्ठखंडाच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर इजा झालेल्या प्रत्येक घरात असलीच पाहिजे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांची परीक्षा करताना, हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक यांना असे दिसले की मूत्राशय भरला असता या रुग्णांच्या इजेच्या वरच्या अंगास दरदरून घाम फुटतो. १९४७ साली लुडविग गुटमान आणि व्हिटरिज यांनी त्याबरोबर रक्तदाब भयंकर चढतो हे मोजून दाखविले. कारण असे की भरलेला मूत्राशय, साचलेला मल, किंवा खुद्द बोटाचे उत्तेजनसुद्धा, मेरुरज्जूच्या तुटलेल्या खालच्या भागात अशी खळबळ उडवून देते की आतड्यांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या विस्तृत जाळ्यासकट इजेखालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात. मेंदूला वाढलेला दाब कळतो, तो व्हेगसच्या मार्गे हृदयाची गती मंद करतो, इजेच्या वरच्या वाहिन्या सैल करतो, म्हणून चेहरा लाल होतो, नाक चोंदते, डोके फुटावयास येते. परंतु इजेखालच्या वाहिन्यांना सैल होण्याचा त्याचा हुकूम पोचत नाही, आणि दाब चढतच राहतो. मानेच्या इजेच्या माणसाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० इतकाच असतो, म्हणून १५० हा आकडा, जो पाहून नवखा डॉक्टर स्वस्थ बसेल, तो त्याच्या बाबतीत धोक्याचा आहे. त्यातून आकडी, मेंदूतील रक्तस्राव आणि मृत्यूपर्यंत पाळी येऊ शकते.

अशा वेळी त्या माणसाला प्रथम ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे, पट्टा, बूट सैल करावेत. आडवे करू नये, कारण आडवे केल्याने दाब आणखी वाढतो. मग लघवीच्या नळीत पीळ पडला आहे काय ते पाहावे, आणि तेथे कारण न सापडल्यास गुदाशयाकडे वळावे, पण सुन्न करणारे लिग्नोकेनचे मलम आत लावून काही मिनिटे थांबल्याशिवाय बोट घालू नये. रक्तदाब दर दोन-पाच मिनिटांनी मोजावा, आणि १५० च्या वर राहिला तर गुदाशयाला हात लावण्यापूर्वीच तो झपाट्याने उतरविणारे औषध देण्याची वेळ आली आहे असे समजून डॉक्टर गाठावा. नियमित दिनक्रम असलेल्या माणसाला हे संकट क्वचित येते. ज्याचा मल आठवडाभर साचू दिला जातो त्याला ते वारंवार येते.

गुटमान यांचे नाव वर आलेच आहे. नाझी राजवटीतून १९३९ साली इंग्लंडात पळून आलेल्या या ज्यू डॉक्टरने १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल येथे मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी विभाग उघडला, तेव्हा असे रुग्ण शय्याव्रणांनी आणि मूत्राच्या संसर्गाने मरावयाचेच अशी वैद्यकातील सर्वसाधारण समजूत होती. इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये मानेचा मणका निखळलेल्या रुग्णाविषयी 'याला उपचार नाही' असा जो निर्वाळा दिलेला आहे, तो साडेतीन हजार वर्षे जवळजवळ अबाधित राहिला होता. दर दोन तासांनी कूस बदलणे, नळी स्वच्छ घालणे, शौचाची वेळ पाळणे, अशा अगदी साध्या आणि कंटाळवाण्या गोष्टींनी गुटमान यांनी तो फिरविला. त्यांनी १९४८ साली त्याच आवारात भरविलेल्या धनुर्विद्येच्या सामन्यांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले, आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, हे महाराष्ट्रात आता सर्वश्रुत आहे. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, स्वतः अपघाताने चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या डॉ. मेरी वर्गीस यांनी असे काम उभारले, आणि पुण्याजवळ खडकीस सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पदकांची वर्णने छापली जातात. तासाभराच्या सकाळी छापल्या जात नाहीत.

हे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न आमच्या घरांत वैद्यकीय प्रश्नापेक्षा कठीण ठरतो. तरुण मुलाचे आई करते, नवऱ्याचे बायको करते, आणि बायकोची इजा असेल तर बहुतेक वेळी तिला माहेरी आणून तिची आई करते. पुरुषाने हे करावे ही कल्पना अद्याप रुजलेली नाही, आणि ती रुजली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्याहून इष्ट म्हणजे ज्याचे हात चालतात त्याने ते स्वतः करणे. आईने केले म्हणजे माया दिसते, पण तिला ताप आला की मुलाचे वेळापत्रक कोसळते, आणि मुलगा चाळिशीचा झाला तरी तिला दोन दिवस गावाला जाता येत नाही. हाताची बोटे न चालणाऱ्यांसाठी मनगटाला बांधावयाची लांब दांड्याची साधने असतात.

साधनांत सर्वांत मोलाचे म्हणजे चाकांची, मध्ये भोक असलेली खुर्ची, आणि तिची बैठक मऊ असणे ही चैन नव्हे; संवेदना नसलेल्या नितंबांखाली प्लास्टिकचे कडक कडे तासभर राहिले तर तेथेच व्रण पडतो आणि मग कित्येक महिने अंथरुणात जातात. उकिडवे बसण्याचे आमचे भारतीय शौचकूप अशा माणसाला बंदच झाले, आणि जुन्या चाळींतल्या किंवा ग्रामीण घरांतल्या न्हाणीघराच्या दारातून ही खुर्ची आत शिरत नाही. म्हणून पहिला खर्च औषधावर न करता गवंड्यावर करावा लागतो. धुण्याचे पाणी शाबूत हाताने, किंवा दुसऱ्याच्या हाताने, आधी पाहून घ्यावे. कमरेखाली कढत पाण्याने भाजलेले रुग्णाला कळत नाही.

एवढे करूनही काहींचे भागत नाही. त्यांच्यासाठी फुगा असलेल्या नळीने गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडे धुण्याची पद्धत आहे, आणि २००६ साली युरोपातील पाच देशांत ८७ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत ती नेहमीच्या उपायांपेक्षा सरस ठरली. तिची सामग्री मात्र महाग आहे. १९९० साली मॅलोन या शल्यविशारदाने आंत्रपुच्छाचे तोंड पोटावर आणून वरून पाणी सोडण्याची शस्त्रक्रिया प्रथम मुलांसाठी वर्णिली. शेवटी पोटावर आतड्याचे तोंड काढून पिशवी लावणे आहे. तिचे नाव काढताच घरात रडारड होते, आणि रुग्ण मात्र ज्याचे रोज तीन तास न्हाणीघरात जात होते असा असेल, तर आपण हे आधी का केले नाही असे पुष्कळदा म्हणतो.

अशा माणसाला कधी ना कधी दुसऱ्याच एखाद्या आजारासाठी साध्या रुग्णालयात जावे लागते, आणि तेथे त्याचा दिनक्रम हटकून मोडतो. परिचारिकेला बोटाने मल काढणे हे आपले काम वाटत नाही, कित्येकांना ते निषिद्ध आहे असेच शिकविलेले असते, आणि न्यूमोनियासाठी भरती झालेला रुग्ण आठव्या दिवशी फुगलेल्या पोटाने आणि चढलेल्या रक्तदाबाने अत्यवस्थ होतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला २०१८ साली याविषयी सर्व रुग्णालयांना ताकीद काढावी लागली, यावरून ही अडचण केवळ आपल्याकडची नाही हे उघड आहे. आपल्याकडे अशी ताकीद निघेपर्यंत रुग्णाने एक जाड कागद बरोबर बाळगावा. त्यावर इजेची पातळी, आतड्याचा प्रकार, शौचाची वेळ आणि क्रम, गोळ्यांची नावे, आणि हे काम करावयास घरचा कोण मनुष्य येईल त्याचे नाव मराठीत व इंग्रजीत लिहावे. आणि इजा सहाव्या पृष्ठखंडाच्या पातळीवर वा तिच्या वर असेल तर आपला नेहमीचा रक्तदाब किती असतो तो आकडा सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहावा.